बदकानं बारा चित्रं थांबावं म्हणून

आमच्या प्रागच्या स्टुडिओत ब्लाझेनाबाई पियानो वाजवायच्या. आमच्या कार्टूनमध्ये कुणी बोलायचं नाही, जे काय सांगायचं ते वाजवूनच. आधी पियानो टेपवर घ्यायचा, कुठल्या सुराला किती चित्रं लागतील ते मोजायचं, मग आम्ही बाया रंग कालवायला बसायचो.

बाईंची धाकटी बहीण ओतिलिए अडुसष्ट साली, रशियाचे रणगाडे आले तेव्हा, कॅनडाला निघून गेली. तिची पत्रं फोडलेली यायची, पुढं तीही थांबली. मुकं कार्टून मात्र कुठंही खपायचं. भाषेची कटकटच नाही.

एकाहत्तरच्या वसंतात बदकाचं कार्टून निघालं. त्यात दीडशे वर्षांपूर्वीचा, वाल्ट्झ नाचाच्या चालीचा एक तुकडा होता. लहानपणी दोघी बहिणी तो एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवायच्या. एका जागी ओतिलिएचा हात पोचायचा नाही, म्हणून थोरली थांबायची. स्टुडिओत एकट्या वाजवतानाही बाई तिथं थांबल्या.

दिग्दर्शक व्होत्रुबा स्टॉपवॉच घेऊन बाहेर आले.

"बाई, डुलकी लागली का? बारा चित्रं वाढली, अख्खा अर्धा सेकंद! तेवढा वेळ बदकानं काय हवेत स्वेटर विणायचा?"

"पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मुद्दाम करताय तुम्ही!"

"हो," बाई म्हणाल्या. "ओतिलिएच्या कानावर पडलं, तर तिला कळेल मी आहे म्हणून."

व्होत्रुबांनी डोकं खाजवलं आणि माझ्यावरच खेकसले, "व्लास्ता, तोंड काय बघतीयस? छपरावरून उडी मारताना बदकाचा पाय बारा चित्रं अधांतरी ठेवायचा. कुणी विचारलंच तर सांग, बदक येडं आहे."

कार्टून कॅनडानं घेतलं. उन्हाळाभर बाई पोस्टमनची वाट बघत राहिल्या. पानगळीत विक्रीखात्यातली कामिला आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, त्यांनी चित्रं तेवढी ठेवलीत. पियानो काढून आपला बँड घातलाय."

बाईंनी एवढंच विचारलं,

"मग बदक थांबतं का तिकडं?"

"थांबतं की! लोक तिथंच हसतात म्हणे."

"सगळेच?"

कामिला माझ्याकडं बघायला लागली. तिला बिचारीला काय ठाऊक, बाई न हसणाऱ्या एकीला शोधताहेत ते?