दोन्हीकडे घेणारे

आमची पंपांची कंपनी आणि कोल्हापूरची एक फाउंड्री, या दोघांचे कॉम्प्युटर जोडायचं काम माझ्याकडे होतं. आमची ऑर्डर पोचल्याशिवाय त्यांचं ओतकाम सुरू होणार नव्हतं, आणि सकाळपासून काही जाईना. शेवटी मी तिकडचं हेच काम बघणाऱ्या शैलजाताईंना पहिल्यांदाच फोन केला; एरवी आमचं सगळं मेलवर चालायचं.

"तुम्ही कॉम्प्युटरवर काय लावलंय, पाठवणारा की घेणारा?" मी विचारलं.

"आम्ही घेणारे. तुम्ही?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "अहो, आम्हीही घेणारेच!"

दोघी खळखळून हसलो. किती घरांत असंच चालत असेल! दोन्हीकडे माणसं कान देऊन बसतात आणि समोरचा रुसलाय असं समजतात.

मी 'पाठवणारा' निवडून बटण दाबलं.

"आलं, आलं!" शैलजाताई ओरडल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही इतक्या हसऱ्या असाल, असं मेलवरून वाटलं नव्हतं हो."

मलाही त्यांच्याबद्दल अगदी हेच म्हणायचं होतं.