दोन पानांची बातमी

त्या सकाळी फाट्यावर आम्ही एवढेच होतो. मी लीला. माझा राजू, सहा वर्षांचा, छातीशी पाटी धरून. माझा धाकटा भाऊ दगडू, डोक्यावर आमची लोखंडी पेटी घेऊन. टपरीवाला, तो आमच्याकडे पाठ करून बशा विसळत होता. आणि हे. नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नाही, म्हणून हे. पोचवायला गावातलं दुसरं कोणी आलं नाही. नंदुरबारपर्यंत बस, तिथून सुरतची गाडी. तीसेक वर्षं झाली, आम्ही सुरतजवळ उधन्यातच आहोत.

इथल्या आपल्या मंडळाने दिवाळी अंकासाठी गाव सोडल्याच्या आठवणी मागितल्या. मी तिसरीपर्यंत शिकलेली. मी बोलते, माझी नात प्राची लिहिते. सांगणार होते की साड्यांना टिकल्या चिकटवून बोटं कशी सोलली, आणि आपली तापी इथेही भेटली तेव्हा कसं बरं वाटलं. पण मागच्या रविवारी दुपारी प्राचीने टीव्हीवर एक सिनेमा लावला, आणि ते सगळं मागे राहिलं.

लढाईचा सिनेमा, बाहेरच्या देशातला, बोलणं हिंदीत केलेलं. मला वाटलं दुसऱ्या मुलखाशी लढाई असेल. तसं नव्हतं. देश एकच, झेंडे दोन. कालपर्यंत एका दुकानात पाव घेणारी माणसं एकमेकांना मारत होती. आणि मधे एक म्हातारा पत्रकार. जाड जाकीट, छातीवर मोठी अक्षरं. एक माणूस रक्ताने भरलेला पडलाय आणि हा त्याचा फोटो काढतोय. माझ्या तोंडून निघालं, "अगं, आधी धर म्हणावं त्याला!"

"मोठी माय, त्याचं काम आहे ते. तो धरत बसला तर जगाला कळणार कसं?"

"तुझ्या आजोबांनी दोन्ही केलं होतं."

"आजोबांनी? आजोबा तर लूमच्या खात्यात कापड विणायचे ना?"

पोरीला ठाऊकच नव्हतं. राजूने तिला सांगितलं नव्हतं. बाप इकाया, म्हणजे विकला गेला, हे ऐकत तो मोठा झाला. ते लेकीला कोण सांगेल?

तर सांगते. आमचं गाव शहाद्याकडे, तापीकाठी. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सगळं धुळ्याला. हे गावात पेपर वाटायचे आणि गावाची बातमीही पाठवायचे. लिहायचं, पाकिटात घालायचं, भाताच्या शिताने चिकटवायचं, आणि फाट्यावर धुळ्याच्या एसटीच्या डायवरच्या हातात द्यायचं. जाकीट नाही, फोटो नाही. एक सायकल आणि कानावर पेन.

त्या वर्षी ग्रामपंचायतीला दोन पॅनल उभे राहिले. एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची कपबशी. गाव असं फाटलं की कपबशीवाले श्रावणात भिजत शेतात जायचे, छत्री उघडायचे नाहीत. छत्रीवाले चहा प्यायचे पेल्यात, हात भाजले तरी. होळ्याही दोन पेटल्या. आम्ही हसायचो तेव्हा.

निकालाच्या दिवशी पाराजवळ दगड चालले, दोन्हीकडून. मधे दामाबाबा बसलेले, ते कोणाचेच नव्हते. त्यांचा एक डोळा गेला. ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रात्री जीप मिळेना, तोवर पहाटेपर्यंत बसून दोन पानं लिहिली. एका पानावर छत्रीवाल्यांची नावं, दुसऱ्यावर कपबशीवाल्यांची. जीप आली तशी दामाबाबांना तिच्यात घालून दवाखान्यात निघाले. जाताना मला म्हणाले, "दोन पानं शेतस. डायवरना हातमा देजो, कंडक्टरले नको."

इथवर प्राचीला त्या दिवशी सांगितलं. टीव्ही चालूच होता. सिनेमातल्या म्हाताऱ्याला पुलावर गोळी लागली. त्याने आपली वही एका कांदे विकणारीच्या हातात दिली. तिने ती टोपलीत कांद्यांखाली लपवली. पुलाच्या दोन्ही टोकांना शिपाई. टोपली हलवून पाहिली, तिला ढकललं. ती चालत राहिली, आणि वही पोचली. दुसऱ्या दिवशी दोन्ही झेंड्यांची पापं पेपरात.

मी उठून टीव्ही बंद केला आणि तिथेच खाली बसले. प्राची म्हणाली, "पाणी आणू का?" त्या बाईने वही उघडून पाहिलीच नाही. तिला वाचता येत नसावं. मला येत होतं. तिसरीपर्यंत.

आता हे पहिल्यांदाच सांगते. पाकिटाचं शीत ओलं होतं. फाट्याच्या वाटेवर मी ते उघडलं. अक्षर अक्षर लावत गेले. दुसऱ्या पानावर पहिलंच नाव दगडूचं. माझं माहेर त्याच गावात, वरच्या आळीला. दगडूचं लग्न आठ दिवसांवर, हळद दळून झालेली. मी ते पान पोलक्यात घातलं आणि पहिलं पान तेवढं डायवरला दिलं. घरी येऊन दुसरं चुलीत सारलं. त्याच जाळावर भाकरी टाकल्या. दुपारी हे दमून आले, त्यातलीच भाकर जेवले.

(प्राचीने लिहिणं थांबवलंय. माझ्याकडे बघतेय. लिही गं.)

तिसऱ्या दिवशी पेपर आला. नावं फक्त छत्रीवाल्यांची. "पेपरवालानी साला वाचाडा," मेव्हण्याला वाचवलं, असं पाराजवळ सुरू झालं. ह्यांनी धुळ्याला फोन केला. तिकडून उत्तर, आलं तेवढं छापलं. हे घरोघर जाऊन सांगायचे, "मी दोन पानं लिखेल व्हतात." कोणी ऐकेना. दळायला गेले तर गिरणीवाल्याने डबा बाहेर ठेवला. बाया म्हणायच्या, "काय वं लीला, कपबशीमा चहा गोड लागना का?" दामाबाबांची सून दारातून ओरडली, "सासराना डोया गया, आन् तुम्ही नावं दडपतस!" पत्र्यावर दगड पडायला लागले. दगडूचं लग्न वाजत झालं. महिन्याभरात आम्ही फाट्यावर उभे.

बस आली. दगडूने पेटी वर चढवली आणि ह्यांचे पाय धरले. "दाजी, तुम्ही मन्हं नाव लिखं नही. मी जलमभर इसरसू नही."

हे म्हणाले, "मी लिखेल व्हतं."

मग माझ्याकडे बघितलं. तेवढंच. राजूला उचललं आणि बसमध्ये चढले.

पुढे कधी विचारलं नाही. ओरडले असते तर मी पाय धरले असते. उधन्यात लूमवर रात्रपाळ्या केल्या, कान गेले. पुन्हा एक ओळ लिहिली नाही. फक्त मी काही कागद हातात दिला, रेशनचा, राजूच्या शाळेचा, की पानं उलटून मोजायचे. दर वेळी. मी उभी राहायचे. सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत गावाच्या लेखी विकलेलेच.

सिनेमातला पत्रकार मला खोटा वाटला नाही. फक्त त्याला घर नव्हतं. मेव्हणा नव्हता, चूल नव्हती, पाकीट नेणारी बायको नव्हती. असं देश फाटल्याचं दाखवतात तेव्हा तोफा दाखवतात. आमचं गाव फाटलं ते बशांवरून, आणि उरलेलं मी फाडलं, पोलक्यात घालून.

मागच्या वर्षी दगडूही गेला. आता सांगितल्याने कोणाचं लग्न मोडणार नाही. गाव म्हणजे माझ्यासाठी तो फाटाच उरला. तिथून मी अजून निघालेली नाही.

प्राचीच्या हातातून वही घेतली आहे. पुढचं नाव मी तोंडाने घेत नाही, लिहिते. सुपडू.

हा अंक आमच्या गावी गेला, तर वाचणाऱ्याने एवढं करावं. पाराजवळ बसून मोठ्याने वाचा. दामाबाबांच्या घरचं कोणी असेल तर त्यांना बोलवा. सुपडूने दोन पानं लिहिली होती, असं सांगा. आणि वाचताना माझ्या भावाचं नाव गाळू नका.