तळीला पाच माणसं लागतात

आळेफाट्याच्या स्टँडवर आप्पांनी माझ्या हातात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी ठेवली. मला वाटलं, प्रवासात घसा बसू नये म्हणून वडिलांनी काळजीने दिली. झाकण उघडून मी डबी सरळ तोंडाकडे नेली. आत खंडोबा होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, घोड्यावर बसलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"आरं, टाक हाय त्यो! गिळतूस काय देवाला?" आप्पा ओरडले, आणि कल्याणच्या गाडीची वाट पाहणारं अख्खं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं. मस्कतला एसी दुरुस्त करायला निघालेला मी, निघायच्या आधीच कुळदैवत संपवणार होतो.

आईने पदराने डोळे पुसता पुसता एवढंच सांगितलं, "चंपाषष्ठी व्हईस्तवर वांगं खाऊ नको बाळा." आप्पा म्हणाले, "आन् तळी चुकवू नको. बाकी काय न्हाई केलंस तरी चालंल."

तुमच्यापैकी जे आमच्या गावात, बोरीत राहिले त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना कदाचित सांगावं लागेल. आमच्याकडे आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. त्या दिवशी ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवायची. पाच पुरुषांनी ते ताम्हन मिळून उचलायचं, 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं आणि भंडारा उधळायचा. मग देवाला भरीत-रोडगा दाखवून आपण खायचं. याला तळी भरणं म्हणतात. एकट्याने भरता येत नाही.

आप्पांचं आणि देवाचं बोलणं होतं. हे मी कौतुकाने म्हणत नाही, खरंच बोलणं होतं. म्हैस व्याली की आधी देवघरात जाऊन सांगायचे, मग आईला. आई चिडायची, "त्यो काय धार काढणार हाय व्हय?" मोटर जळाली की टाकासमोर उभे राहून विचारायचे, "का रं, डोळं मिटून बसला व्हतास का?" मग जरा थांबायचे. पलीकडून काहीतरी आल्यासारखी मान हलवायचे आणि कामाला लागायचे. ते थांबणं मला फार हवंसं वाटायचं. मला वाटे, हे वयाबरोबर येत असेल, मिशीसारखं.

मस्कतच्या कामगारांच्या कॅम्पात मी पहिल्याच आठवड्यात सांबार ओरपलं. भरपूर ओरपलं. खोलीतल्या केरळच्या जोसेफने नंतर सांगितलं, त्यात वांगं होतं. मी डबीपुढे कान धरून बसलो, आप्पांसारखं बोलायला गेलो, "चूक झाली राव." आणि थांबलो. पलीकडून काही आलं नाही. वरच्या बंकवरून बिहारचा रामबाबू तेवढा म्हणाला, "किससे बात कर रहे हो भैया?"

मी ठरवलं, बोलणं नंतर बघू, आधी काम चोख करू. माझ्या धंद्यात तसंच असतं. पाइप नीट जोडला, गॅस भरला, कॉम्प्रेसर फिरला, की गार हवा येणारच. चंपाषष्ठीला मी जोसेफ, रामबाबू, एक सरदारजी आणि एक तेलुगू ड्रायव्हर यांना मेसच्या स्टीलच्या थाळीभोवती उभं केलं. घोषणा शिकवली. सरदारजींचा 'येळकोट' असा निघाला की शेजारच्या खोलीतले धावत आले. आणि मी मोठ्या तोऱ्यात मूठभर भंडारा उधळला. बंद खोलीत. चालू एसीसमोर.

एसीचा मेकॅनिक मी. हवा कुठून ओढली जाते आणि कुठून बाहेर फेकली जाते, हे शिकायला मी आयटीआयला दोन वर्षं घालवली होती. तरीही. सगळा भंडारा आत गेला आणि थोडा थोडा करून बाहेर येत राहिला. चादरी पिवळ्या, सरदारजींची पांढरी पगडी पिवळी, रामबाबूची डाळ मात्र होती तशीच. फिल्टर काढून धुवायची शिक्षा अर्थातच मला झाली. जोसेफ शेजारी बसून पाणी ओतत होता. तो रोज झोपण्याआधी भिंतीकडे तोंड करून त्याच्या देवाशी गप्पा मारायचा, बायकोशी फोनवर मारतात तशा. त्याने विचारलं, "तेरा गॉड क्या बोला?"

"कुछ नहीं."

"अगले साल बोलेगा."

पुढच्या वर्षी बोलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दरम्यान मी कॅम्पातून फ्लॅटमध्ये आलो, लग्न झालं, हातात लेबर कार्डाऐवजी सुपरवायझरचं ओळखपत्र आलं. तळी एकदाही चुकली नाही. भंडाऱ्याआधी एसी बंद करण्याइतकी सुधारणा माझ्यात झाली. तेवढीच झाली. दर वर्षी थाळी खाली ठेवली की मी जरासा थांबायचो, आणि त्या थांबण्यात माझ्याच फ्रिजचा आवाज यायचा. तरी करत राहिलो. कारण बोरीत आप्पा करत होते आणि त्यांची लाइन चालू होती. माझी नसली तरी घरात एक तर होती.

आई गेली तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला मिळाली.

घरी पोचलो तर आप्पांनी ताम्हन चकचकीत घासून ठेवलेलं. पण माणसं नव्हती. आमच्या लहानपणी तळीला एवढे हात यायचे की पोरांना ताम्हन दिसतसुद्धा नसे. आता कोणी चाकणला, कोणी पिंपरीला, कोणी नारायणगावात दुकान टाकलेलं. आप्पा, मी, अधू गुडघ्याचे धोंडूतात्या आणि दूध घालायला आलेला एक पाव्हणा. शेवटी किराणावाले कांतीशेठ, जातीने जैन, दुकान अर्धवट सोडून आले. "आता आमालाच यळकोट करावा लागतो राव! आन् भरीत तर आमाला चालत बी न्हाई," म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडलेही तेच. मस्कतमध्ये परकी माणसं क्षणात जमली होती, बोरीत आपली जमवता येईनात.

ताम्हन खाली ठेवलं. मी आप्पांच्या थांबण्याची वाट बघत होतो. ते थांबले नाहीत. टाक पुसून जागेवर ठेवले, जशी भांडी ठेवतात तसे.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, आज काय बोलला नाही त्याच्याशी?"

"कुणाशी?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझी आय आजारी व्हती तवा लई बोललो. तवापासून काय ऐकू येत न्हाई."

"मग हे?"

"तू तिकडं परमुलखात येवढं करतूस. म्हणलं आपण हिकडं सोडलं तर तुला काय वाटंल?"

मी हसायला गेलो. इतकी वर्षं मी त्यांच्या देवावर चालत होतो आणि ते माझ्या. दोघांनी एकमेकांकडे उधारीचा खंडोबा ठेवला होता आणि मूळ कोणाकडेच नव्हता. हसू आलं नाही.

लोक म्हणतात, भाव नसला तरी रीत राहू द्यावी, माणसं जमतात, चार घास होतात. मीही कॅम्पात हेच सांगत फिरलो आहे. पण माणसं तर वाढदिवसालाही जमतात. ज्याला हाक मारायची तो नसेल, तर 'येळकोट' हा फक्त मोठा आवाज आहे. करत राहिलं की एक दिवस तो येईल, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या खेपेला मीच विषय काढला. "आप्पा, तुम्हाला काही ऐकू येत नाही, मला कधी आलंच नाही. बंद करूया का?"

आप्पा ताम्हन पुसत होते. "करू की," ते म्हणाले. "पण मंग तू येशील कशापायी?"

'तुमच्यासाठी' एवढंच म्हणायचं होतं. पण आई गेली तेव्हा न मिळालेली सुट्टी मी तेव्हापासून चंपाषष्ठीला दर वर्षी भांडून मिळवतो, हे दोघांनाही माहीत होतं. आप्पा जरा वेळ माझ्याकडे बघत थांबले. मग उठून त्यांनी ताम्हन फडताळात ठेवलं.

घर म्हणजे माझ्यापुरती आता ती एक संध्याकाळ उरली आहे. पलीकडे कोणी नाही हे ठाऊक असलेली दोन माणसं देवाच्या नावाने ओरडतात, कारण एकमेकांना हाक मारायला आम्हाला येत नाही.