मामांतून जाणारे निरोप

मामांनी हयातभर गाठी सांभाळल्या. औषधांच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, कोमट खारट पाण्यात मज्जातंतूंची इवलीशी गाठ. रोज नवी, पण माया तीच. हृदयाला 'पळ, पळ' सांगणारा निरोप अशाच गाठीतून पुढे जातो म्हणे. मामा एका बाजूने विजेचा हलका चिमटा काढत, दुसऱ्या बाजूला यंत्राचा काटा उडे. मग हृदयाचं एखादं औषध थेंबभर टाकत. काही औषधांनी काटा तसाच उडे, काहींनी मरगळे. "बिचारीला कळतं सगळं, पण पुढे सांगवत नाही," मामा हळहळत.

घरीही तेच काम. तळमजल्यावर मावशी, वर आम्ही, मध्ये मामा. मिक्सरच्या झाकणावरून आईचं आणि मावशीचं फाटलं, ते मी शाळेत असताना. तेव्हापासून दोघी फक्त "तिला सांग" म्हणत आणि मामा जिना चढत-उतरत. एक अक्षर गाळत नसत. आगीत तेल ओतायला इतका प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही!

मग मामांची छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी गोळी दिली. नाव वाचून मामा हबकले. ही तर बशीतल्या गाठीला मरगळ आणणारी! बशीतला डोस कितीतरी जास्त असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते ज्ञान प्रयोगशाळेत ठेवून ते घरी आले. त्या दिवसापासून निरोप मरगळूनच पोचू लागले. "तोंड काळं कर म्हणावं" याचं "बरी आहेस ना?" झालं. भांडण निवलं. आम्ही गोळीला दुवा दिला.

तेवढ्यात मावशीने कायमचं मुलाकडे, परगावी जायचं ठरवलं. आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी म्हणाली, "दादा, तिला सांग, जाऊ नकोस."

मामांनी खाली जाऊन सांगितलं, "सावकाश जा म्हणतेय."

मावशीने डोळे पुसत कपडे बॅगेत कोंबले. मामांनी वर येऊन आपलं सांगणं आणि तिचं रडणं, दोन्ही आईला सांगितलं.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझ्यातून आता एवढंच जातं गं," मामा स्वतःची नाडी धरून म्हणाले.

आई अनवाणीच जिना उतरली आणि मावशीच्या बॅगेवर जाऊन बसली. आम्ही मागोमाग.

मावशी मामांना म्हणाली, "तिला सांग, ऊठ. बॅग मोडेल."

मामा नाडीच मोजत राहिले. मला त्यांचा असा संताप आला, की मीच सांगणार होतो.

मावशीने वाट पाहिली. मग आईकडे न बघताच म्हणाली, "ऊठ गं. बॅग मोडेल."

"मोडू दे," आई म्हणाली.