मेथीला विचारणाऱ्या काढेबाई

नागपुरात माझे पाय टिकले ते काढेबाईंमुळे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी घाबरत घाबरत दुसरंच सांगत बसेन आणि त्यांचं नाव मागे राहून जाईल.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ त्यांचे मिरचीच्या रोपांचे वाफे होते. अंगाला कायम आंबूस वास. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी पिंपात भिजवायची, ते पाणी गाळून, आटवून त्याचा काढा करायचा आणि पेरणीआधी झारीने वाफ्यावर द्यायचा, म्हणजे मातीतलं तणाचं बी रुजत नाही. म्हणून त्या काढेबाई. शेजारीण चिडवायची, "गवताले खोकला झाला का वं बाई?" बाई म्हणत, "खोकला होईन कुठून? त्याले जलमूच नाही देत."

मी साताऱ्याकडची, पाचवीत शाळा सुटलेली. यांना गिरणीत काम लागलं म्हणून एवढ्या लांब आले, आणि वर्षाच्या आत ते काम गेलं. मला येत होतं फक्त निंदणं, खुरप्याने तण काढणं. बाईंकडे त्याच कामाला लागले, आणि मालकीण नेमकी गवत उगवू न देणारी. मी मनातल्या मनात देवाकडे गवत मागायचे.

काढ्याचा जोर मिरचीच्या बियालाही मारतो. म्हणून काढा दिलेली माती परळात, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यात घेऊन बाई तीत मेथी टाकत. ती नीट आली तरच पेरणी. "मेथीले इचारल्याबिगर मिरची नाही," हे त्यांचं ठरलेलं.

त्या वर्षी भिवापूरचे शेतकरी रोपांसाठी घाई करत होते. परळात हिरवी पानं दिसली तशी बाईंनी राख चोळलेलं बी पेरायला काढलं. मिरची उगवलीच नाही तर वाफे बंद, मग मी कुठे जाऊ? एक मेथी उपटून पाहिली. पानं हिरवी, पण मूळ खुरटलेलं, टोक करपलेलं. सांगू की नको करत ती बाईंच्या तळहातावर ठेवली.

बाईंनी बी पुन्हा गाडग्यात भरलं. भिवापूरवाले कुरकुरले, बाईंनी ऐकलं नाही. काढ्याचा जोर धुऊन जावा म्हणून वाफ्यांना भरपूर पाणी सोडलं, त्या मातीचा नवा परळ मांडला. या खेपेला मुळं पांढरी, लांब निघाली. मिरची दाट उगवली. गवत मात्र कुठेतरी एखादं. निंदायला काही उरलंच नव्हतं. मी खुरपं पुसून ठेवलं आणि उद्या येऊ का, म्हणून बाईंना विचारलं.

"काहून भेऊन राहिली वं? निंदाले कोणीबी भेटते. तुह्यासारखी भेकड मले कुठं भेटन? आजपासून परळ तुह्याकडं."

माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढे बाईंचे गुडघे गेले. वाफे माझ्या हाती देऊन त्या मुलीकडे सावनेरला गेल्या. त्यांच्या अंगणात तण माजलंय आणि त्यांना वाकवत नाही, असं कानावर येतं. मला अजून एकटीने एसटीत बसायची धास्ती वाटते. पण एक दिवस जाईन. काढा नेणार नाही, खुरपं नेईन, आणि बाईंचं अंगण मुळासकट निंदून देईन.