मामाले वन्समोर मागू नका

माह्या मामाएवढा संगीतावर जीव लावणारा, अन् संगीत ऐकणाऱ्याईचा जीव काढणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दुसरा नाई. वाघ ढिगानं भेटतीन, मामा एकच. हा माह्या आईचा सख्खा भाऊ. चामोर्शीजवळच्या एका खेड्यात राहते, धानाची शेती करते, अन् लहानशा ऑर्गनवर जाझ-रॉक वाजवते. नवीन पाहुण्याले ही शेवटची गोष्ट दोनदा सांगावी लागते. झालं असं का, कोळशाच्या खाणीतले एक साहेब बदली होऊन चालले होते, त्याईनं घरचं सामान विकायले काढलं. मामा चंद्रपूरले पलंग पाहायले गेला अन् कॅसेटीचं खोकं घेऊन आला. ओलीनं कॅसेटीवरची नावं पार धुपून गेलती, एकीवर फक्त 'जाझ-रॉक' एवढं उरलं होतं. कोण वाजवते, कुठचे लोक, काई पत्ता नाई. मामानं त्या खोक्यातूनच सारी विद्या काढली. मामीले पलंग अजून भेटला नाई.

मामाचे कान साध्या माणसाचे कान नाईत. धान कांडायच्या मिलीत लोकं आपला नंबर कधी लागते ते पाहतेत, मामा डोळे मिटून उभा. एक दिवस मालकाले म्हणे, "तुही मिल दर चौथ्या ठोक्याले लंगडते. पट्टा बदलवू नको गा, मस्त लंगडून राह्यली." एसटीत बसला तर वायपरची खटखट अन् मागच्या सीटवरच्या बाईच्या बांगड्या यांचा मेळ बसला म्हणून आष्टीले उतरायचं विसरून पुढं निघून गेला. जेवतानी डावा हात ताटाच्या काठावर वाजत राहते, वरण गार होते, मामी गरम होते. मी त्याची नक्कल करतो तवा फक्त डोळे मिटून हनुवटी वर करतो, बस, सारं गाव वळखते.

पण एकटा मामा म्हणजे अर्धाच. दुसरा अर्धा म्हणजे त्याचे दोस्त बोडीवाले भाऊ. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिच्यात याईची पिढ्यान् पिढ्याची मासेमारी, म्हणून ते नाव. भाऊ गिटार वाजवतेत, गातेत, अन् गाणी लिहितेत. त्याईची गाणी चंद्रावर, फुलावर नसतेत. सगळ्यात गाजलेलं गाणं 'वाघाचा अर्ज'. त्याच्यात एक वाघ तहसीलमधी येते अन् म्हणते, साहेब, माह्या रस्त्यात रोज माणूस आडवा येते, मले नुकसान भरपाई द्या. शब्द भाऊचे, चाल मामाची, अन् दोघाईचं भांडण दर ओळीले. एका 'पन' शब्दावरून आठवडा आठवडा चालते. भाऊ म्हणतेत, "'पन' ठेव." मामा म्हणते, "'पन' आला का माह्या चालीचा पाय मुरगळते."

या जोडीनं काढलेल्या बँडचं नाव मोहफूल जाझ पार्टी. त्यात पक्के मेंबर हे दोनच. बाकीचे म्हणजे एसटीतले प्रवासी, चढले का उतरले. ऑक्टोपॅडवाला तर एक सीझन टिकला नाई. नाटक कंपनीतला एक चांगला पोट्टा आणला, त्याले मामानं काढलं, काऊन का तो वाजवतानी हसत होता. दुसऱ्याले काढलं, काऊन का तो कधीच चुकत नव्हता. "हे वाजवनं नाई, हे शाळेतली हजेरी होय," मामा म्हणे. आता ऑक्टोपॅडवर मी आहो. मी सख्खा भाचा, म्हणून मले दोनदाच काढलं.

आता खरं दुखणं सांगतो. आमच्याकडं दिवाळीनंतर धान निघालं का गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे येतेत, दुकानं लागतेत, दिवसा गाण्याचा नाईतर दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, कार्यक्रम राहते. गाणं आवडलं का लोकं ओरडतेत, 'वन्समोर'. मंग तेच गाणं, तसंच्या तसं, पुन्हा म्हणायचं. याच्याहून मोठा मान नाई. बाकीचे कलाकार वन्समोरसाठी देव पाण्यात घालतेत, अन् मामाले वन्समोर म्हटला का कपाळावर आठी. "एक डाव वाढलं ते वाढलं. पुन्हा तेच म्हनजे उष्टं होय," त्याचं म्हणणं. मंग तो तेच गाणं दुसऱ्याच चालीनं वाजवे. पुन्हा वन्समोर आला का तिसऱ्याच. एका मंडईत एक म्हातारबुवा काठी टेकत स्टेजवरच चढले. "बाबू, आमी वांग्याची भाजी मांगून राह्यलो, अन् तू दर खेपी वाडग्यात वेगळंच टाकून राह्यला. असं काऊन गा?"

मामा म्हणे, "वांगंच होय बाबाजी. जरा दुसऱ्या रस्त्यानं आनलं."

असं हसत खेळत चाललं होतं. गेल्या साली मात्र बोडीवाल्या भाऊच्या पोरीच्या सासरी मंडईचा कार्यक्रम लागला. इवाई, म्हणजे पोरीचे सासरे, पहिल्या ओळीत खुर्ची टाकून. 'वाघाचा अर्ज' असा जमला का खुद्द इवाईनंच 'वन्समोर' केला. भाऊ मामाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजचा दिवस तसंच वाजव गा. पोरीचं सासर हाये." मामानं मान हलवली. दोन कडवे बरोबर गेला. तिसऱ्या कडव्याले त्याच्या बोटाईले काय सुचलं देव जाणे, ऑर्गन भलत्याच वळणाले वळला. भाऊ एका गावाले, चाल दुसऱ्या गावाले. भाऊचा आवाज मधातच अटकला, तोंड उघडं राह्यलं. लोकं हसले. इवाईबी हसले. पोरगी पदर तोंडाले लावून उठून गेली. भाऊनं गिटार खुर्चीवर ठेवली अन् स्टेजवरून उतरून चालले गेले.

त्याच्यानंतर दोघाईचं बोलणं बंद. मोहफूल जाझ पार्टीबी बंद. पहिल्यांदा वाटलं, ब्वा, गावाले आराम भेटला. पण मामा असा गप्प झाला का आमाले धडकी भरली. मालकानं मिलीचा पट्टा बदलवला तरी याले समजलं नाई. ताटावरचा हात ताटावर पडून राहे. मी त्याच्यासमोर त्याची नक्कल केली, तर रागावलाबी नाई. "बरोबर करते तू" म्हणाला अन् कूस बदलून झोपला. संध्याकाळी बोडीकडं निघे, पाळीजवळ, म्हणजे तिच्या बांधाजवळ, पोचला का माघारी फिरे. मामी मले म्हणाली, "याले काई रोग तं नाई ना लागला रे? घरात येवढी शांती मले सोसत नाई."

मंग मीच गेलो बोडीवर. भाऊ पाळीवर बसून जाळं शिवत होते. मी डोळे मिटले, हनुवटी वर केली अन् मामाच्या आवाजात सुरू झालो, "भाऊ, चुकलं गा माह्यं. पन ते वळन काऊन येवढं चांगलं होतं?"

भाऊले हसू फुटलं. लगेच त्याईनं ते गिळलं. "हे त्यानं सांगून धाडलं का तू बनवून आनलं?"

"बनवून आनलं."

"मंग त्याले म्हन, सोता येऊन सांग. अन् वळनाचं नको सांगू."

दुसऱ्या दिवशी मामा गेला. मी दूर उभा होतो, बोलणं ऐकू आलं नाई. मामानं जाळ्याचं एक टोक धरलं एवढं दिसलं. येतानी भाऊ रस्त्यापर्यंत आले अन् माह्यासमोर त्याले बजावलं, "यंदा आपल्या गावच्या मंडईत एक डाव वाजवू. वन्समोर आला तं जसंच्या तसं. नाई जमलं तं आपली पार्टी तिथीच संपली."

"जसंच्या तसं," मामा म्हणाला.

ती प्रॅक्टिस म्हणजे बैलाले सायकल शिकवणं होतं. मामा तेच ते वाजवून घामाघूम होई.

मंडईच्या दिवशी दुपारी आमी स्टेजवर बसलो. भाऊनं पोरीले मुद्दाम सासरहून आणलं होतं, ती बायाईत बसली होती. 'वाघाचा अर्ज' झाला. टाळ्या पडल्या. अन् बस. वन्समोर कोणी म्हणेच ना. लोकाईले मामा चांगला ठाऊक, कोण हात पोळून घेते? ते वांग्यावाले म्हातारबुवा मान खाली घालून मुरमुरे खाऊन राह्यले होते. मामाची बोटं ऑर्गनवर तयार, नजर लोकाईवर. जिंदगीभर वन्समोरले शिव्या घालणारा माणूस आता त्याच्यासाठीच ताटकळत बसला होता. ना जमलं, ना बिघडलं, अशानं पार्टी राहते का जाते तेबी समजेना.

तवा बोडीवाले भाऊ माईकजवळ वाकले अन् हळूच म्हणाले, "वन्समोर."

लोकं हसले, मंग दोन-चार आवाज मिळाले. मामा सुरू झाला. पहिलं कडवं तसंच. दुसरं तसंच. डोक्यावर भरली घागर घेतलेल्या बाईसारखा चालून राह्यला होता. तिसऱ्या कडव्याचं ते वळण आलं, माह्या हातातल्या काड्या जड झाल्या, अन् मामा सरळ पुढं निघून गेला. मामी तिकडं पदरानं डोळे पुसून राह्यली होती.

अन् शेवटच्या ओळीले भाऊ सुटले. चालच सोडली त्याईनं, आवाज वर, भलतीकडंच नेला. मामाचे हात हवेत राह्यले. त्यानं भाऊकडं पाह्यलं. भाऊनं सूर धरून ठेवला अन् भिवई उचलली. मंग मामानं त्याच्यामांगं अशी उडी घेतली का मी अन् माह्यं ऑक्टोपॅड जागीच राह्यलो. म्हातारबुवा शेजारच्याले म्हणाले, "घ्या, आता हा बी बिघडला." पण उठून कोणी गेलं नाई. पोरगी हसत होती, अन् तोंडाले पदर नव्हता.

खाली उतरल्यावर मामा म्हणाला, "तू तं म्हनला होता, जसंच्या तसं."

"ते तुले म्हनलं होतं. मले कोन म्हनलं?"

उन्हं उतरली तवा दोघं ऑर्गन सायकलवर बांधून कापलेल्या धानाच्या बांधीतून निघाले. मामाचे गुडघे आता दुखतेत, भाऊचा आवाजबी पहिल्यासारखा टिकत नाई. तरी दूरवर हात हलताना दिसत होते, म्हणजे भांडण लागलं होतं. मले फार मोकळं वाटलं. पुढच्या महिन्यात मी नोकरीले पुण्याले चाललो, तिथं पोरं म्हणतीन, गावाकडच्या कोणाची नक्कल करून दाखव. मामाची करीन, भाऊचीबी करीन. पण दोघाईची एकदम करायले गेलो का माह्यं तोंड एकच पडते. आवाज द्यावा वाटला, पण नाई दिला. जाऊ दिलं त्याईले.