चुंबक म्हातारा होत नाही

हे मी माझ्या भावालाही सांगितलेलं नाही. खरं तर त्यालाच आधी सांगायला हवं होतं — पण तो म्हणाला असता, "जाऊ दे गं, तुलाही त्रास होताच ना." आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

साकीनाक्याला पंख्याच्या मोटरी बनवणाऱ्या एका गाळ्यात मी तपासणीचं काम करते. हल्लीच्या पंख्यांत चुंबक असतात, त्यामुळे जो भेटतो तो एकच विचारतो — हे चुंबक किती वर्षं टिकतात? वैताग येतो. अहो, बेअरिंग जातं, वायंडिंग जळतं, सर्किट उडतं. चुंबकाला काही होत नाही. फार तापवलात, जोरात आपटलात, तर गोष्ट वेगळी. नाहीतर मोटर भंगारात जाते तेव्हाही तो लोखंडाला तसाच चिकटलेला असतो. हे मी किती जणांना ऐकवलं असेल? आणि एका माणसाला मात्र बरोब्बर उलटं सांगितलं.

माझ्या बाबांना.

बाबा मूळचे मालवणकडचे, जन्मभर बस कंडक्टर. मधुमेहात एक पाय गेला. आई त्याआधीच गेलेली. भाऊ पुण्याला — तिथून फोनवर सल्ले द्यायला मोकळा. बोरीवलीच्या घरात आम्ही दोघंच. भावाने बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेऊन दिली आणि बाबा सुटलेच. मी कामावर निघाले की हे लिफ्टने खाली, तिथून मासळीबाजार, मग कुणा जुन्या दोस्ताकडे. रस्ते खोदलेले, फूटपाथवर दुकानं. कुठे चाक अडकायचं, कुठे बॅटरी उतरायची. मग कुणीतरी अनोळखी माणूस मला फोन करायचा — तुमचे वडील इथे अडकलेत. मी हातातलं काम टाकून धावायची. आणि हे? चहा पीत लोकांना गोष्टी सांगत बसलेले. माझा जीव जायचा आणि यांची सहल व्हायची. किती वेळा ओरडले असेन. ऐकतील तर शपथ.

त्या दिवशी गाळ्यात मोठं गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्यासमोर फोन वाजला. साहेबांनी गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि मला हातानेच जायची खूण केली. रिक्षा करून बाजारात पोचले तर खुर्ची ठप्प, आणि बाबांच्या मांडीवर बांगडे भरलेली पिशवी.

घरी आणून मी मोटर उघडली. कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते दोन छोटे तुकडे, झिजले होते. बस्स, एवढंच. ते झिजणारच, त्यासाठीच असतात. दुसऱ्या दिवशी येताना आणून बसवले असते की झालं. चुंबक ठणठणीत होते. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्या चुंबकांनी खस्सकन ओढून घेतला.

आणि मी म्हणाले, "बाबा, चुंबक गेले."

का म्हणाले? आधी ठरवलेलं नव्हतं — पण तोंडातून निघाल्यावर मागेही घेतलं नाही.

"चुंबकाक पण म्हातारपण येता काय गो?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले. "आणि या मॉडेलची मोटर आता मिळत नाही."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. नवी खुर्ची मागितली नाही, भावाकडेही विषय काढला नाही. मला फोन यायचे बंद झाले. खरं सांगू? मला बरं वाटलं. किती तरी दिवस नुसतं बरं वाटत होतं.

एकदा शेजारचे किरीटभाई आले होते. खुर्ची कोपऱ्यात बघून म्हणाले, "काका, चुंबक असा थोडाच मरतो? कार्बन बघून घ्या, मी माणूस पाठवतो." मी स्वयंपाकघरात होते. बाबा ताडकन म्हणाले, "माझां चेडू मोटरींचाच काम करता. तुका जास्त कळता?"

मला तेव्हा बाहेर यायला काय झालं होतं? चार पावलं तर होती. मी कुकरची शिटी व्हायची वाट बघत उभी राहिले.

हळूहळू बाबांनी रोज दाढी करणं सोडलं. मग खिडकीशी बसणंही. मी बांगडे आणायची, तर म्हणायचे, ताजे नाहीत. मी चिडायची — आणून देतेय ना? त्यांना बांगडे नको होते, बाजार हवा होता, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. कार्बन बदलायचं रोज मनात यायचं आणि रोज तोच प्रश्न आडवा यायचा — मग आता काय सांगू? खोटं उघडं पडेल म्हणून मी त्यांना घरात बसवून ठेवलं. वैताग तर केव्हाच संपला होता, उरली होती नुसती भीती.

बाबा गेले. सोसायटीतल्या एका बाईंच्या ओळखीने वाकोल्याहून एक गृहस्थ खुर्ची मागायला आले, आपल्या बायकोसाठी. आदल्या संध्याकाळी मी नवे कार्बन बसवले. चहा उकळेपर्यंत काम झालं. बटण दाबलं, आणि खुर्ची हॉलमधून सरळ दारापर्यंत गेली.

त्या गृहस्थांनी चालवून बघितली. "एकदम मस्त चालतेय," ते म्हणाले. "मग अशी पडून का होती?"

"वापरणारं कुणी नव्हतं," मी म्हणाले.